पिशवीत भरून आलेली भोकं

हातातला कप आधी खाली ठेवा बघू. मागच्या वेळी हा किस्सा सांगत होतो तेव्हा शेजारच्या बापटांच्या नाकातून चहा आला, आणि त्यांच्या बायकोनं आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तर मला सांगा, माणसं साधारण काय काय घोळ घालतात? कुणी चुकीच्या बसमध्ये चढतो, कुणी भलत्याच मांडवात जेवून आहेर देऊन येतो. मी काय केलं माहितीय? मी भोक ओतलं. बिडाचं, चांगलं घसघशीत. वर त्याला हळदीकुंकू वाहिलं.

नाही ना कळलं? अहो, तेव्हा सगळ्या कंपनीला कळलं नव्हतं, तुमचं काय घेऊन बसलात.

ऐंशी सालाच्या थोडं पुढची गोष्ट. आमची कंपनी चिंचवडला, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला. पंप बनवायची. चाकण-खेडकडच्या कांद्याच्या शेतांपासून कुठकुठल्या विहिरींवर आमचे पंप बसायचे. मी ड्रॉइंग ऑफिसात. दापोडीला रेल्वेलाइनच्या कडेला दोन खोल्यांत मी आणि आई. डिप्लोमा केलेला, अक्षर सुरेख, पट्टीवर हात बसलेला, आणि डोक्यात हवा तर इतकी की विचारू नका. त्याला कारण होतं तसं.

कारण म्हणजे कंपनीत संगणक आला होता. पगाराचा हिशेब करणारा नव्हे हं, डिझाइनचा. परदेशातल्या भागीदारांनी पाठवलेला. काचेची खोली बांधली, एसी बसवला, दारात चपला काढायची पाटी लावली. त्यांचाच एक माणूस येऊन शिकवून गेला, आणि तो शिकवत असताना सगळ्यात जास्त मान डोलावत होतो मी. म्हणून आमचे साहेब, मुजुमदार, यांनी ते यंत्र माझ्या ताब्यात दिलं. मला कळत होतं म्हणून नव्हे, मी डोलावत होतो म्हणून.

आता हे यंत्र काय करायचं ते नीट ऐका, म्हणजे पुढचा बोजवारा कळेल.

तोवर आम्ही कागदावर चित्र काढायचो. वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी, बाजूनं कशी. कागदावर नुसत्या रेघा असायच्या, वस्तू डोक्यात. या यंत्रात मात्र वस्तू काढायची नाही, घडवायची. भरीव. ठोकळा मागायचा, नळकांडं मागायचं, गोळा मागायचा आणि त्यांची बेरीज-वजाबाकी करायची. समजा वाटी हवी आहे. तर एक मोठा अर्धगोल घ्या, त्याच्यात जरा लहान अर्धगोल ठेवा आणि यंत्राला सांगा, मोठ्यातून लहान वजा कर. झाली वाटी.

हुकूम तीनच. एकचा आकडा दाबला की जोड. दोनचा दाबला की वजा. आणि तीनचा दाबला की सामाईक, म्हणजे दोन्ही वस्तूंत जेवढा भाग एकच आहे तेवढा ठेव आणि बाकीचं फेकून दे. आता वाटीच्या वेळी दोनऐवजी तीन दाबलंत तर काय होईल? वाटी जाईल आणि वाटीतलं श्रीखंड तेवढं उरेल. एवढंच ध्यानात ठेवा. मी तेवढंच ठेवलं नव्हतं.

बरं, या सगळ्यात एक मुलगी होती. असणारच, नाहीतर माणूस एवढा आंधळा होत नाही.

कुंदा तिचं नाव. कंपनीच्या सत्यनारायणाला वडिलांबरोबर आली होती. मी प्रसाद वाटत होतो. तिनं द्रोण पुढं केला आणि म्हणाली, "वाढणाऱ्यानं आधी खायचा नसतो. तुमच्या मिशीला लागलाय." बास. तिथंच आमचा कारभार आटोपला. पुढं चौकशी केली तेव्हा कळलं, बाई चिंचवडच्या एका शाळेत शिकवतात, घर निगडीला, प्राधिकरणात. आणि वडील?

वडील म्हणजे दामले. आमच्याच कंपनीतले, इन्स्पेक्शनचे मुख्य.

आता दामले कोण हे तुम्हाला कसं सांगावं? कंपनीत तयार झालेला प्रत्येक नग त्यांच्या टेबलावरून पुढं जायचा, म्हणजे जायचा नाही. लाल रंगाचा डबा आणि ब्रश कायम हाताशी. केसाएवढा फरक दिसला की फासला लाल पट्टा, जा भंगारात. त्यांनी स्वतःच्या लग्नात अंतरपाटाची लांबी मोजायला लावली होती अशी वदंता होती. मी ती खरी मानतो. 'ओके'चा शिक्का त्यांच्या ड्रॉवरमध्ये असे, आणि त्याची शाई वाळून जाई म्हणतात.

आईनं मध्यस्थामार्फत स्थळ सुचवलं. निरोप आला, "घाई नाही. मुलगा काय काम करतो ते आधी बघतो. संगणकावरचा त्याचा पहिला नग निघू द्या. माझ्या टेबलावरून पास झाला, तर बोलू."

म्हणजे बघा, लोकांच्या पत्रिका जुळवतात, माझी केसिंग जुळवायची होती. केसिंग म्हणजे पंपाची बाहेरची काया. शंखासारखी गोल फिरत जाते, आत पोकळ. त्या पोकळीत पंखा फिरतो आणि पाणी ढकलतो. पहिला नग म्हणून मुजुमदार साहेबांनी मला नेमकी तीच दिली होती.

मी जीव तोडून कामाला लागलो. आधी बाहेरचा भरीव शंख घडवला. मग आतली पोकळी, तीही यंत्रात भरीवच घडवावी लागते, नंतर वजा करायची म्हणून. दोन्ही तोंडांना गोल चकत्या असतात, फ्लँज म्हणतो आम्ही, त्यात बोल्टची भोकं. त्या भोकांसाठी छोटी छोटी नळकांडी ठेवली. मी हुशार ना, म्हटलं एकेक कुठं वजा करत बसू? पोकळी आणि सगळी भोकं आधी एकत्र बांधतो आणि एका फटक्यात वजा करतो.

सगळं मांडून झालं. आता एकच आकडा दाबायचा. बोट उचललं, आणि काचेपलीकडे दामले.

हात मागं बांधून उभे. चष्म्यावरून माझ्याकडे बघतायत. स्क्रीनकडे नव्हे, माझ्याकडे. मी चटकन ताठ बसलो, केसांवरून हात फिरवला, चेहऱ्यावर शास्त्रज्ञासारखी गंभीर आठी आणली, आणि त्यांच्या नजरेला नजर देत, खाली न बघता, ऐटीत बटण दाबलं.

तीनचं.

यंत्र विचार करत बसलं. त्या काळी यंत्रं फार विचार करायची. तेवढ्यात मी चहा पिऊन आलो, दामले निघून गेले, आणि स्क्रीनवर हिरव्या रेघांत आमचा शंख उमटला. काय देखणा दिसत होता म्हणून सांगू.

आता तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, तुला दिसलं नाही? नाही दिसलं. यंत्र दाखवायचं नुसत्या रेघा, आरपार, तारांचा पिंजरा असावा तशा. आणि वाटीचा आकार आणि श्रीखंडाचा आकार एकच की हो. शंखाच्या आतली पोकळीही शंखासारखीच. वर दोन्ही तोंडांशी बोल्टची भोकं वर्तुळात जागच्या जागी दिसतायत. ती आता भोकं उरली नव्हती, हवेत तरंगणारे खुंटे झाले होते, हे मला कुठलं कळायला? वस्तू मधोमध कापून बघायची सोयही होती. ती वापरली नाही. माझं डोकं दापोडीहून निगडीला वऱ्हाड नेण्यात गुंतलं होतं.

कागद छापून मुजुमदार साहेबांपुढं ठेवला. साहेब भले गृहस्थ, पण संगणकापुढं हात जोडून उभे राहायचे. त्यांनी रेघांकडे बघितलंच नाही, कोपऱ्यातलं वजन बघितलं. जुन्या केसिंगपेक्षा बरंच कमी.

"लेले, वजन घटलं?"

मी काय म्हणावं? मला ठाऊक नव्हतं का घटलं. पण साहेबांचा चेहरा असा फुलला होता की मी म्हटलं, "यंत्रानं घटवलं, साहेब. नको तिथलं लोखंड काढून टाकलं."

"शाब्बास. आम्ही इतकी वर्षं काय झक मारत होतो?"

त्यांनी तिथल्या तिथं सही ठोकली आणि मुंबईला मोठ्या साहेबांना फोन लावला. मी बाहेर येताना कानावर पडलं, "हो हो, आमच्याच मुलानं केलंय."

खरं सांगतो, मला त्या दिवशी रस्त्यावर चालताना जमीन लागत नव्हती.

पुढची पायरी नजीरभाईंची. नजीरभाई दापोडीचेच, आमच्या पॅटर्न शॉपचे मुखिया. ओतकाम करायचं तर आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो म्हणजे पॅटर्न. बोलण्यात नवाब माणूस. रंधा मारतानासुद्धा स्वतःची तारीफ चालू. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडे डोकावलो, आणि योगायोग बघा, तिथं दामले उभे. कसलंसं माप तपासायला आलेले.

नजीरभाईंनी मला बघताच कागद नाचवला. "शरदभाऊ, वा! काय साफ काम आहे. पोकळी नाही, काही नाही, सीधा गुळगुळीत माल. आमचं अर्धं काम वाचलं. पण एक सांगा राव, हे बारके बारके खुंटे हवेतच लटकून राह्यलेत. हे कशाला चिकटवू?"

पोकळी नाही. ऐकलंत ना तुम्ही? मी नाही ऐकलं. मला ऐकू आलं फक्त 'साफ काम', आणि दिसले दामल्यांचे टवकारलेले कान.

मी कागद घेतला. खुंटे होते खरे, सुटे, अधांतरी. पण सासरेबुवा समोर उभे असताना 'मला माहीत नाही' म्हणायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं. आमच्या धंद्यात नग नेमक्या जागी बसवण्याला एक शब्द आहे, तो कुठल्याही अडचणीला चालतो. मी तो काढला.

"लोकेटिंगसाठी आहेत."

"असं होय," नजीरभाई म्हणाले.

"अच्छा, लोकेटिंग," दामलेही म्हणाले आणि मान हलवली. म्हणजे त्यांनाही कळलं नव्हतं.

"मग सुटेच ठेवू ना?" नजीरभाई.

"सुटेच. संगणकानं सुटे दिलेत म्हणजे काही विचार असेल त्याचा."

दामले जाता जाता थांबले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "आत्मविश्वास आहे तुमच्यात." मला तर नजीरभाईंच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

पॅटर्न गेला भोसरीला, आण्णांच्या फाउंड्रीत. आण्णा भोसरी गावातलेच, जुनं शेतकरी घराणं. जमिनीवर कारखाने आले तसे तेही कारखानदार झाले, पण धोतर सुटलं नव्हतं. त्यांचा स्वतः फोन आला. मी धास्तावलो, म्हटलं आता हे काय विचारतात.

"लेले सायेब, ह्ये तुमचं नवीन डिझान लई झ्याक हाय. दर खेपंला त्यो वाळूचा कोर आत बसवायचा, त्यो फुटायचा, मंग शिव्या आमी खायाच्या. ह्याच्यात कोरच न्हाई. वतलं की झालं. आसंच काडत जावा."

कोर म्हणजे काय, तर ओतताना आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा गड्डा. कोरच नाही म्हणजे पोकळीच नाही. ज्याला मिसरूड फुटलेलं नाही असा शिकाऊसुद्धा इथं दचकला असता. मी आण्णांना काय म्हणालो असेन?

म्हणालो, "आण्णा, ही तर सुरुवात आहे."

"त्ये बारकं खुंटंबी वतलंत. ईगळं पिशवीत बांदून धाडतो, हरवायला नगं."

अशी आमची भोकं पिशवीत भरून आली. पंपाच्या जन्मापासून आजवर जगात कुठल्याही कंपनीत भोकं वेगळी बांधून आली नसतील. गोणपाटाची पिशवी होती, तोंडाला सुतळी, आणि आत बोल्टची भोकं, अस्सल बिडाची. मशीनवर नेऊन ती सगळी तासून घेतली, चकाचक, आणि मुख्य नगासकट दामल्यांच्या टेबलावर गेली.

आता खरी परीक्षा. मी ड्रॉइंग ऑफिसात बसून देव पाण्यात घातलेले. इकडे दामल्यांनी कागद पसरला, मापं काढली. व्यास बघितला, लांबी बघितली, गोलाई बघितली. प्रत्येक भोक, म्हणजे प्रत्येक खुंटा, हातात धरून उजेडात फिरवून बघितला. तिथले लोक काम सोडून गोळा झाले होते म्हणे. लाल डब्याचं झाकण उघडून तयार होतं.

आणि दामल्यांनी ड्रॉवर उघडला.

शिक्का. 'ओके'चा. शाई खरंच वाळली होती, त्यावर त्यांनी हं हं करून तोंडाची वाफ दिली आणि ठोकला. कागदावर, नगावर, पिशवीवरसुद्धा. बातमी माझ्यापर्यंत पळत आली. पाठोपाठ ते स्वतः आले.

"लेले, माझ्या नोकरीत इतका मापात आलेला नग मी पाहिलेला नाही. केसाचा फरक नाही. येत्या रविवारी आईंना घेऊन घरी या. कुंदाच्या हातचे पोहे बरे असतात."

सांगा आता, मी वेडा झालो तर माझं काय चुकलं? घरी जाताना दापोडीच्या पुलावर मी एकटाच हसत होतो. समोरून येणाऱ्या एका बाईंनी पोराला जवळ ओढून घेतलं.

पण रविवारच्या आधी शनिवार येतो.

शनिवारी सकाळी मुंबईहून मोठे साहेब येणार, संगणकाचा पहिला पंप त्यांच्यासमोर जोडायचा, नारळ फोडायचा, आणि दुपारी चाकणला एका विहिरीवर बसवून पाणी काढून दाखवायचं, असा बेत. असेंब्लीत झेंडूच्या माळा. टेबलावर पांढरी चादर. चादरीवर आमचा नग, शेजारी ताम्हनात खुंटे, कारण पिशवी बरी दिसेना. मोठ्या साहेबांनी हळदीकुंकू वाहिलं, नजीरभाईंनी 'क्या चीज बनी है' म्हटलं, पेढा फिरला. आण्णा नवं धोतर नेसून आले होते. मुजुमदार साहेबांनी छोटंसं भाषण केलं. वजन कसं घटलं त्यावर.

मग असेंब्लीचा फिटर बबन पंखा घेऊन पुढं झाला. पंखा नगाजवळ नेला. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. नग उलटा केला, परत सुलटा केला. मग अगदी हळू म्हणाला, "सायेब, पंखा कुठं बसवू?"

"आत बसव," मुजुमदार म्हणाले.

"आत कुठंय पण?"

सगळे पुढं वाकले. बबननं बोटानं नगावर टकटक केलं. ठक्क असा भरीव आवाज. दगडी देवळातल्या नंदीला पोट असतं का? तसं.

आणि त्या क्षणी, इतक्या दिवसांनी, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाटी. श्रीखंड. दोन. तीन. अंगावरून घामाची धार थेट बुटात गेली.

मोठे साहेब शांतपणे म्हणाले, "हे नक्की काय आहे?"

मुजुमदार माझ्याकडे बघतायत, दामले माझ्याकडे बघतायत. शेवटी माझ्याच तोंडून आलं, "साहेब, हे पंपाचं आतलं आहे."

"आतलं म्हणजे?"

"पंपात जी रिकामी जागा असते ना, साहेब, ती. ती आपण ओतली."

"आणि बाहेरचं?"

"ते राहिलं."

साहेबांनी ताम्हनातला एक खुंटा उचलला. त्याला कुंकू लागलं होतं. "आणि हे?"

"ती भोकं, साहेब. बोल्टची."

मागून नजीरभाईंचा आवाज आला, "तरी मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं." आण्णा पुटपुटले, "मला वाटलं, नवी फ्याशन आसंल." अहो, झेंडूच्या माळांखाली एवढी लाज वाटते हे मला त्या दिवशी कळलं.

मोठ्या साहेबांची नजर कागदावरच्या शिक्क्यावर गेली. "दामले, ही पोकळी तुम्ही पास केलीत?"

दामले ताठ उभे होते. कान लाल झाले होते, पण आवाज स्थिर. "साहेब, मापात होती."

मग मोठे साहेब जे हसायला लागले, ते खुर्चीत बसून, पोट धरून, चष्मा काढून, डोळे पुसून. ते हसले म्हणून मुजुमदार हसले, मुजुमदार हसले म्हणून सगळे हसले. दोघंच हसत नव्हतो, मी आणि दामले.

नोकरी वाचली. कशी वाचली सांगतो. मला काढायचं तर सही करणाऱ्या मुजुमदारांना काढायला हवं होतं, वाफ देऊन शिक्का मारणाऱ्या दामल्यांना काढायला हवं होतं, आणि पूजा केली म्हणून मोठ्या साहेबांनी स्वतः राजीनामा द्यायला हवा होता. साहेब एवढंच म्हणाले, "जा, बरोबर बटण दाबून या." मी गेलो, खाली मान घालून, बघून, बोटानं चाचपून दोनचं बटण दाबलं. यंत्रानं निमूटपणे केसिंग दिली, आतून पोकळ, भोकं भोकांच्या जागी.

पण लग्नाचं काय? ज्या माणसानं उभ्या आयुष्यात चुकीचा नग पुढं जाऊ दिला नाही, त्याच्या अब्रूला मी जाहीर डाग लावला होता. मला तर त्या घरासमोरून जायचीही चोरी झाली होती.

घरी येऊन आईला म्हटलं, "उद्या जायचं नाही."

"का? काय झालं?"

सांगितलं. ती ऐकून घेत होती. मध्येच म्हणाली, "म्हणजे ताटात श्रीखंड वाढलंस आणि वाटी विसरलास, इतकंच ना?"

"आई, ते इतकं सोपं नाही."

"मला तर सोपंच वाटतंय. त्यांनी 'येऊ नका' असा निरोप पाठवलाय का?"

"नाही."

"मग इस्त्रीचा शर्ट काढ."

रविवारी निगडीची बस धरली. प्राधिकरणात तेव्हा घरं तुरळक, मोकळे प्लॉट जास्त. उतरून दामल्यांच्या बंगलीपर्यंत चालताना मी दोनदा मागं वळलो, दोनदा आईनं दंडाला धरून पुढं लोटलं.

दामले दारातच होते. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "या," म्हणाले. आम्ही बसलो. पोहे आले. कुंदा बशी पुढं करताना माझ्याकडे बघतच नव्हती, नजर जमिनीला. मी म्हटलं, संपलं. मुलीला बापाचा अपमान लागलाय, लागणारच. एवढ्यात तिचे खांदे हलताना दिसले. रडतेय की काय? जीव कळवळला माझा. मग ती पदर तोंडाशी धरून आत पळाली आणि आतून फिस्सकन आवाज आला. रडत नव्हती.

दामल्यांनी घसा साफ केला आणि माझ्या आईकडे वळले.

"वहिनी, मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे. काल घरी आलो ते ठरवूनच आलो होतो, हे स्थळ नको. लाल पट्टा. तसं कुंदाला सांगितलं. तिनं सगळी हकीकत विचारली, मी सांगितली. मग ती म्हणाली..." ते थांबले. त्यांच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. "म्हणाली, बाबा, एक पोकळी पास केलीच आहे तुम्ही, आता ही दुसरीही करून टाका."

मी बशीत तोंड घातलं. आईनं पोह्यांचा घास शांतपणे संपवला, पाणी प्याली, आणि म्हणाली, "मुलीला पारख आहे हो. तारीख काढा."